फावल्या वेळात : जुन्या रायफलीची नवी नजर

मागच्या अंकात घरी चक्का बांधण्यावर लिहिलं, तर गणपतीच्या कार्यक्रमात तिघीचौघींनी थांबवून विचारलं. या वेळचा विषय पाहून त्याच भगिनी पान उलटतील अशी भीती आहे. पण "तुमच्या त्या बंदुकीबद्दल एकदा लिहाच" अशी संपादकांनी गळ घातली. शिवाय ज्यांना चाळिशीचा चष्मा लागला आहे, त्यांना यातलं निम्मं तरी आपलंच वाटेल.

पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीच्या फायरिंगला आम्हांला थ्री-नॉट-थ्री मिळायची. जुनी ली-एनफिल्ड, नंबर एक मार्क तीन. पाच गोळ्या झाडायच्या आणि आठवडाभर काळानिळा खांदा मिरवायचा. आमचे हवालदारसाहेब ओरडायचे, "घोडा ओढू नको, दाब!" ते वेड डोक्यात राहिलं. इंग्लंडमध्ये नोकरी, घर, मुलांच्या शाळा यांत तीस वर्षं गेली. मुलं घराबाहेर पडल्यावर मी एका रायफल क्लबात नाव घातलं.

इथे हे प्रकरण सोपं नाही, आणि नसावंच. मान्यताप्राप्त क्लबात किमान तीन महिने उमेदवारी, मग पोलिसांकडे अर्ज, मग अधिकारी घरी येऊन पोलादी कपाट भिंतीला नीट बसवलं आहे की नाही ते बघतात. आमच्या सौ.ची अट एकच होती : कपाट देवघराच्या भिंतीला नको.

मी घेतलेली रायफल ली-एनफिल्ड नंबर चार, 1943 सालच्या शिक्क्याची. एनसीसीतल्या रायफलीची बॅकसाइट नळीवर, बरीच पुढे असे, आणि तिला उघडी खाच असे. खाच, पुढची फोरसाइट आणि निशाण, तिन्ही एकदम स्पष्ट दिसायला हवीत. विशीत ते जमतं. नंबर चारमध्ये बॅकसाइट मागे डोळ्याजवळ आणली आणि खाचेऐवजी गोल भोक दिलं. दोन साइटमधलं अंतर साधारण 19 इंचांवरून 28 इंचांच्या पुढे गेलं. याचा फायदा हिशेबात बघा : साइट जुळवताना इंचाचा शंभरावा भाग चूक झाली, तर 100 यार्डांवर जुन्या रायफलीत गोळी जवळजवळ 1.9 इंच सरकते, नंबर चारमध्ये सव्वा इंच.

तरी लढाईच्या घाईत बनलेल्या अनेक रायफलींप्रमाणे माझ्या रायफलीलाही साधी दुमडती बॅकसाइट होती. एक भोक 300 यार्डांचं, दुसरं 600 चं, मधलं काही नाही. क्लबात आम्ही 100 यार्डांवर मारतो, तिथे गोळी निशाणाच्या वर जाते. डावीउजवीकडे सरकवायची सोयच मागे नाही. त्यासाठी पुढची फोरसाइट तिच्या खाचेत अवजाराने सरकवावी लागते. सैनिकाला हे पुरेसं होतं. कागदावरच्या काळ्या वर्तुळाला नाही. त्यात माझी साठी उलटलेली. फोरसाइटच्या जागी मला काळं लोकरीचं बोंड दिसू लागलं आणि पाच गोळ्या वीतभर जागेत विखुरल्या.

इथे मी मूर्खपणा करणार होतो. एका वर्कशॉपवाल्याने सांगितलं, वर भोकं पाडून दुर्बीण बसवून देतो, शुक्रवारी या. रायफल ठेवूनही आलो. संध्याकाळी क्लबातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना फोनवर सहज सांगितलं, तर ते क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, ती इतकी वर्षं कोणाच्या न कोणाच्या हातात धड राहिली, तुझ्या हातात भोकं पडणार. रात्रभर झोप नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात उभा. ड्रिल लागलं नव्हतं, नशीब. पाडलेलं भोक कोणी परत बुजवून मूळचं करून देत नाही, आणि अशा रायफलीची किंमतही पडते, हे मला यंत्रशाळेत आयुष्य काढूनही सुचलं नाही!

त्याच गृहस्थांनी बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलची जुनी टार्गेट साइट शोधून दिली, 5-सी नावाची, खास नंबर चारसाठी बनलेली. मूळ बॅकसाइटच्या पिनच्या जागीच बसते, ड्रिल लागत नाही. वरखाली आणि डावीउजवीकडे, दोन्हीसाठी खुणा केलेले स्क्रू. माप 'मिनिट' या कोनात. एक मिनिट म्हणजे 100 यार्डांवर साधारण एक इंच. गोळ्या चार इंच उजवीकडे गेल्या तर बॅकसाइट चार मिनिटं डावीकडे. गोळी जिकडे न्यायची तिकडे बॅकसाइट, फोरसाइट मात्र उलटी. पहिल्या दिवशी मी हेच उलटं केलं आणि अर्धा डबा काडतुसं फुकट घालवली.

डोळ्याजवळच्या चकतीला लहानमोठी सहा भोकं आहेत. लहान भोकातून सगळं धारदार दिसतं, कॅमेऱ्याचं अॅपर्चर बारीक केल्यासारखं. पण उजेड कमी होतो, म्हणून ढगाळ दिवशी मोठं भोक. इथे बहुतेक वेळा मोठंच लागतं म्हणा! भोकाकडे मुद्दाम बघायचं नाही, डोळा आपोआप मध्य शोधतो. नजर फोरसाइटवर, निशाण थोडं पुसट दिसलं तरी चालतं. चष्म्यासाठी डॉक्टरांकडून दूरच्या नंबरात +0.50 वाढवून घेतला. वाचायच्या चष्म्याने नेम धरणाऱ्यांनी हे जरूर करून बघा, साइट न बदलताही फरक पडतो. माझ्या पाच गोळ्या आता तीन इंचांत बसतात. बक्षीस नाही मिळत, पण कागद घरी आणावासा वाटतो.

त्या गृहस्थांच्या जुन्या डब्यात एकदा 'के एफ' शिक्क्याची काडतुसं निघाली. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी! ती झाडली नाहीत. जुन्या काडतुसांच्या क्षारांनी नळी गंजते, झाडलीच तर त्याच दिवशी उकळत्या पाण्याने धुवावी लागते. एक रिकामी केस तेवढी मागून आणली. ती आता सौ.च्या परवानगीने शोकेसमध्ये पगडीवाल्या बाहुलीशेजारी आहे.

मूळची दुमडती साइट आणि पिन फेकू नका. काही स्पर्धांत मूळ साइटच लागते. माझी पाकिटात नाव लिहून ठेवली आहे, रायफल माझ्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी.

पुढच्या अंकात : कुंडीतला कढीपत्ता हिवाळ्यात कसा जगवावा.