आधी पाणी, मग बंदर

मालवणच्या धक्क्यावर दिवस मावळतीला झुकला आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडून प्रवाशांची शेवटची खेप परत आली, की त्यानंतरच्या अर्ध्या घटकेत दिवसभर राबलेल्या यंत्रांचे पुढचे आयुष्य ठरत असते, ही गोष्ट घरी निघालेल्या प्रवाशाच्या ध्यानी येण्याचे कारण नाही. गेल्या हिवाळ्यात अशाच एका संध्याकाळी मी किनाऱ्यावर रेंगाळलो असताना, एका वृद्ध तांडेलाने आपल्या लहानशा होडीच्या पिछाडीचे इंजिन सोडवले, नातवाच्या मदतीने खांद्यावरून ते घरामागे नेले, लाकडी घोडीवर टांगून त्याचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवला, दोरी ओढून ते सुरू केले आणि इंजिनाच्या कुशीतून उडणाऱ्या बारीक धारेखाली तळहात धरून तो उभा राहिला. थोड्या वेळाने ओल्या बोटाचे टोक त्याने जिभेला लावले आणि नातवाला म्हणाला, "अजून खारा आसा." इंजिन चालूच राहिले.

ही जी दहा मिनिटांची चाकरी त्या म्हाताऱ्याने निष्ठेने बजावली, तिच्या मागे भरभक्कम शास्त्र आहे. मोटारगाडीच्या इंजिनात ठराविक पाणीच रेडिएटरमधून पुनःपुन्हा फिरत असते. होडीमागचे हे इंजिन मात्र ज्या पाण्यावर चालते, तेच पाणी पिते. पंख्याच्या वरच्या अंगाला असलेल्या जाळीतून ते आत शिरते, इंपेलर नावाचे रबरी पात्यांचे चक्र त्याला वर ढकलते, सिलिंडरभोवतीच्या अरुंद वाटांतून ते उष्णता गोळा करीत फिरते आणि धुराबरोबर पुन्हा खाली उतरून बाहेर पडते. आणि ती जी बारीक धार बाजूने उडते, ती पंप जिवंत असल्याची निशाणी होय. ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने अमेरिकेतील मिलवॉकी शहरात 1909 साली अशा इंजिनांचा व्यापार सुरू केला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे होती ती विस्कॉन्सिन प्रांतातील गोड्या पाण्याची सरोवरे. गोड्या पाण्याच्या मुलखात वाढलेले हे यंत्र आपण अरबी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उतरवले, तेव्हा त्याच्या प्रकृतीची जी जादा काळजी घेणे ओघाने आले, तिचाच मी येथे विचार करीत आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. इंजिन चालू आहे आणि पाणी वाहते आहे, तोवर हे क्षार पाण्याबरोबर निघून जातात; खरा घात होतो तो इंजिन बंद केल्यानंतर. तापलेल्या धातूच्या पोटात जे थोडे पाणी मागे राहते, ते वाळून जाते आणि क्षार तेथेच बसतात. साधे मीठ दुसऱ्या दिवशीच्या पाण्यात पुन्हा विरघळेलही. परंतु कॅल्शियमचे क्षार उष्णतेने घट्ट होतात आणि सहजासहजी सुटत नाहीत. शिवाय ॲल्युमिनियमवर निसर्गतः जे संरक्षक पटल असते, ते क्लोराइड जागोजागी भेदते आणि आतला धातू पांढऱ्या भुकटीच्या रूपाने झिजू लागतो. बाहेरच्या अंगाला जस्ताचे तुकडे बसवून ही झीज त्या जस्तावर घेण्याची युक्ती जुनी आहे. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने 1824 साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी ती सुचवली होती. पण आतल्या चिंचोळ्या वाटा साफ करण्याचे काम जस्ताकडून होत नाही. ते गोड्या पाण्यालाच करावे लागते.

वर्षानुवर्षे खारे राहिलेले एक इंजिन कारागिराने माझ्यादेखत उघडले होते. ज्या वाटेतून करंगळी सहज गेली असती, तिच्यात काडी सरकेना. कडेने जमलेले खडूसारखे पांढरे थर मी नखाने खरवडून पाहिले, तर नखच दुमडले. थर्मोस्टॅटची झडप त्याच थराखाली चिकटून बसली होती. अशा इंजिनाला पाणी मिळत नाही, ते तापते आणि अखेरीस त्याचा पिस्टन जाम होतो. आणि हे बहुधा किनाऱ्यावर होत नाही, तर माणूस पूर्ण वेगाने घराकडे निघालेला असतो तेव्हा, भर समुद्रात होते. मालवण बंदराच्या तोंडाशी खडकांची किती दाटी आहे हे ज्याने ओहोटीच्या वेळी पाहिले आहे, त्याला उधाणाच्या वाऱ्यात बंद पडलेल्या होडीची अवस्था वेगळी सांगायला नको.

उपाय साधा आहे, परंतु त्याचेही नियम आहेत. पिंपातील पाणी जाळीच्या वर पुरेसे असावे. इंजिन न्यूट्रलमध्ये आणि मंद गतीवर असावे. पाण्यावाचून ते क्षणभरही सुरू करू नये, कारण कोरडे फिरल्यास इंपेलरचे रबर पाहता पाहता जळते. पिंप नसेल तर जाळीवर बसणाऱ्या दोन रबरी वाट्यांना नळी जोडून काम भागते; पुष्कळ नव्या इंजिनांना नळी जोडण्याचे तोंडच दिलेले असते आणि तेथे इंजिन बंद ठेवून धुवायचे की कसे, ते त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावे. एक-दोन मिनिटांत उरकून घेण्यात अर्थ नाही, कारण इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडल्यावाचून वरच्या भागात गोडे पाणी नीट फिरत नाही. दहा मिनिटे तरी द्यावीत आणि नंतर आतले पाणी गळून जाईपर्यंत इंजिन उभेच ठेवावे.

इतके सोपे काम असूनही ते सर्रास टळते, याचा दोष होडीवाल्यांच्या माथी मारून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. शेतकरी जसा बैलाला पाणी दाखवल्यावाचून जेवायला बसत नाही, तसाच दर्याचा माणूसही आपल्या पोशिंद्या यंत्राची हयगय मनापासून करीत नसतो. पण पाणी दाखवायचे तर पाणी हाताशी हवे. लहान बंदरांच्या मी पाहिलेल्या कित्येक धक्क्यांवर काँक्रीट आहे, दिवे आहेत, कोनशिला आहे. गोड्या पाण्याचा नळ मात्र नाही.

यावर एक आक्षेप निघेल आणि तो वजनदार आहे. वैशाखात कोकणातल्या वाड्यांतून बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, तेथे यंत्र धुण्याची चैन कशी परवडणार? पण हिशेब मांडून पाहावा. इंजिनाच्या पोटात राहिलेले लिटरभर खारे पाणी 100 लिटरच्या पिंपात मिसळले, तर त्या पिंपातील खारेपणा समुद्राच्या शंभराव्या हिश्शाइतकाच होतो. म्हणजे एका पिंपावर दोन-चार इंजिने धुऊन निघू शकतात. आणि पावसाकडे पाहावे तर आपल्या किनाऱ्यावर वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, दक्षिणेकडे त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो. मासळीच्या लिलावाचे छप्पर 100 चौरस मीटरचे धरले, तर त्यावर पडणारे पाणी अडीच लाख लिटर भरते. त्यातले 50 हजार लिटर जरी टाकीत साठवले, तरी 500 पिंपे भरतील. पिण्याच्या पाण्यातला एक थेंबही त्यासाठी लागणार नाही.

हा विचार आपल्या मुलखाला नवा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात, आधी पाणी पाहावे आणि मगच किल्ला बांधावा, असा दंडक घालून दिलेला आहे. आणि मालवणच्या समोर, चहूबाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही त्या शहाणपणाची साक्ष देत उभ्या आहेत. जो न्याय किल्ल्याला, तोच बंदराला लावावा. जेट्टीच्या अंदाजपत्रकाला मंजुरी देताना छपरावरचे पाणी साठवणारी टाकी, इंजिन टांगण्याची घोडी आणि नळ यांची तरतूद केलेली नसेल, तर संबंधित खात्याने तो कागद शेरा मारून परत पाठवावा. आणि टाकीची देखभाल व पाण्याची वाटणी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे सोपवावी, कारण ज्याचे इंजिन त्यालाच त्या पाण्याची किंमत ठाऊक असते.

त्या संध्याकाळी तांडेलाने पुन्हा एकदा बोट जिभेला लावून पाहिले, मान डोलावली आणि इंजिन बंद केले. मग त्याने पिंपावर जपून झाकण ठेवले. तेच पाणी त्याला दुसऱ्या दिवशीही वापरायचे होते. मी चौकशी केली तेव्हा कळले, की ते पिंप त्याच्या सुनेने पलीकडच्या आळीतल्या विहिरीवरून सहा कळश्या वाहून भरले होते. एका इंजिनाचे आयुष्य वाढवण्याचा भार आज त्या बाईच्या कमरेवर आहे. तो तेथून उतरवून बंदराच्या टाकीवर ठेवावा, एवढेच माझे मागणे आहे.