छाया कोणाची? अमृता शेरगिल यांच्या एका आत्मचित्राविषयी

‘प्रभाव’ हा शब्द तुलनात्मक अभ्यासात जितका सोयीचा, तितकाच अनर्थकारक ठरला आहे. एका लेखकाच्या घरात दुसऱ्याचे काय सापडते याची झडती घेतली की विवेचन संपले, असा समज त्यातून रूढ झाला. ‘काही कविता’ (१९४७) प्रसिद्ध झाल्यापासून मर्ढेकरांच्या नावाशेजारी एलियटचे नाव ठेवण्याचा जो परिपाठ पडला, तो या समजाचाच नमुना होय. घेतले किती, एवढे विचारले गेले. घेणारा घेताना कोठे उभा होता, हे क्वचितच. हा दुसरा प्रश्न एका चित्राने मात्र १९३४ सालीच विचारून ठेवला आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये अमृता शेरगिल यांनी स्वतःला ताहितीयन स्त्रीच्या रूपात रंगविले. तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या.

चित्रातील स्त्री कमरेपर्यंत अनावृत आहे. कमरेला पांढरे वस्त्र, हात पुढे एकमेकांवर टेकलेले, केस मागे बांधलेले. शरीर किंचित वळलेले असून नजर चौकटीबाहेर कोठेतरी लागली आहे. पाठीमागे पूर्व आशियाई वळणाच्या काही आकृती दिसतात, आणि या सर्वांवर एका पुरुषाची गडद छाया पडली आहे.

गोगँची आठवण होणे अपरिहार्यच. १८९१ मध्ये प्रथम ताहितीला गेलेला हा चित्रकार १९०३ मध्ये, म्हणजे शेरगिल यांच्या जन्माच्या दहा वर्षे आधी, निवर्तला. शीख पिता आणि हंगेरियन माता यांच्या या कन्येचा ताहितीशी संबंध आला तो गोगँच्या चित्रांतूनच. म्हणून कोणी या आत्मचित्राला गोगँचे अनुकरण म्हणतात. उलट, पाश्चात्त्य पुरुषी दृष्टीला दिलेले हे प्रत्युत्तर आहे, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. दुसरे मत अधिक उदार खरे. परंतु दोन्हींत चित्राचा केंद्रबिंदू गोगँच राहतो, ही त्यांची मर्यादा आहे.

पार्श्वभूमी नीट पाहिली तर ही मर्यादा उघड होते. व्यक्तिचित्राच्या पाठीमागे जपानी मुद्राचित्रे मांडण्याची कल्पना गोगँपेक्षा व्हॅन गॉगची आठवण करून देते. त्याने १८८७ मध्ये रंगविलेले पेर तांगीचे व्यक्तिचित्र प्रसिद्धच आहे. म्हणजे शेरगिल केवळ पूर्वेकडे पाहत नाहीत. पूर्वेकडे पाहणाऱ्या युरोपीय चित्रकारांकडे त्या पाहत आहेत. प्रेरणा येथे चित्रामागचे कारण न राहता चित्राचा विषय बनली आहे.

खरे मर्म मात्र छायेत आहे. मागच्या भिंतीवर सावली पडायची, तर ती टाकणारा समोर उभा हवा. आत्मचित्रात समोरची ती जागा असते खुद्द चित्रकाराची. तेथे एक पुरुष उभा आहे. शेरगिल यांनी स्वतःला चित्रविषयाच्या जागी बसविले, आणि आपली हक्काची जागा कोणा परक्याने व्यापल्याचेही रंगवून दाखविले. तो गोगँ असेल, पॅरिसमधले कलाशिक्षण असेल किंवा आज तेथे उभा राहून चित्र पाहणारा प्रेक्षक असेल. चित्र त्याला नाव देत नाही. त्या स्त्रीने त्याच्याकडे पाहिलेलेही नाही. पूर्वसूरींचे ऋण इतक्या स्वच्छपणे मान्य करणारी आणि तरीही त्यांच्यापुढे मान न तुकविणारी कलाकृती भारतीय साहित्यात शोधू गेल्यास सहज सापडणार नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस शेरगिल भारतात परतल्या. १९३६ मध्ये मुंबईत कार्ल खंडालावाला यांच्याशी त्यांचा परिचय झाला, आणि वर्ष सरता सरता त्यांनी वेरूळ व अजिंठा पाहिले. पुढच्याच वर्षी ‘ब्रह्मचारी’ व ‘वधूचा शृंगार’ ही चित्रे आली. त्यांतील मातकट रंग आणि संथ, एकमेकांना लागून बसलेल्या आकृती यांचे नाते अजिंठ्याशी जोडले जाते, आणि ते योग्यच आहे. पण मग गोगँचे काय झाले, असे विचारणारा अभ्यासक पुन्हा झडतीच घेऊ लागतो. गोगँच्या चित्रांतील सपाट, भरीव रंगक्षेत्रे ज्या डोळ्यांनी आत्मसात केली होती, तेच डोळे अजिंठ्याच्या भिंतींसमोर उभे होते. पॅरिसमध्ये स्वतःला पुनःपुन्हा रंगविणाऱ्या शेरगिल यांची आत्मचित्रे भारतात आल्यावर विरळ होत गेली, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. आता त्या स्वतः समोर उभ्या होत्या, आणि चित्रात दुसरी माणसे बसली होती.