मेडिकलवाल्याला चिठ्ठीचा अधिकार द्यायचा का?

सेनगाव तालुक्यातील साखरा असो की शेजारचे कोणतेही खेडे, सोयाबीन काढणीच्या दिवसात मजूर बाईला ताप भरला तर ती आधी कोठे जाते? डॉक्टरकडे नाही, मेडिकलवर! हिंगोली गाठायची म्हणजे रोज बुडाला, गाडीभाडे गेले, वर डॉक्टरची फी. मेडिकलवाला विचारतो, "काय होतंय?" आणि पट्टीतून चार गोळ्या कापून कागदाच्या पुडीत बांधून देतो. औषधाचे नाव नाही, बिल नाही.

कायदा काय म्हणतो? १९४५ च्या औषध नियमांतील शेड्यूल एच मधील औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मधील अँटिबायोटिक व क्षयाच्या औषधांसाठी रुग्णाच्या नावाची नोंदवहीसुद्धा सक्तीची आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देणारा नोंदणीकृत फार्मासिस्टच हवा. प्रत्यक्षात त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि काउंटरवर दहावी शिकलेला पोरगा!

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून घसादुखी, कानदुखी, स्त्रियांचा साधा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग अशा सात आजारांवर फार्मासिस्ट स्वतः तपासून औषध देतो. ठरलेली यादी, ठरलेले नियम, प्रत्येक रुग्णाची नोंद. आपल्याकडे तेच काम चोरून चालते, म्हणून जबाबदार कोणीच नसतो. माझ्या वडिलांची गुडघेदुखी वर्षभर अशाच पुडीने 'बरी' होत होती. रक्तातली साखर भलतीच वाढली तेव्हा डॉक्टरने पुडी पाहिली. आत स्टेरॉइड निघाले. जाब कोणाला विचारणार? बिलच नव्हते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. प्रशिक्षण देऊन, मोजक्या आजारांपुरता, फार्मासिस्टला हा अधिकार द्या. पण तो स्वतः दुकानात हजर हवा आणि पुडीवर औषधाचे नाव मराठीत हवे. दोन आठवड्यांचा खोकला असेल तर बाटली न विकता थुंकी तपासायला पाठवलेच पाहिजे. सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट आहे. गरोदर बाई आणि धाप लागलेले लेकरू यांना काउंटरवर हातच लावू नये.

सप्टेंबर २०२५ मध्ये होमिओपॅथांच्या नोंदणीविरुद्ध राज्यातील डॉक्टरांच्या संघटनेने संप केला. चिठ्ठी कोणी लिहायची यावर मोठे वाद झाले. साखऱ्याच्या मजुराला मात्र कोणी विचारले नाही. आणि शासनानेही फार्मासिस्ट पुढे करून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या जागा रिकाम्या ठेवू नयेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. खुर्चीत डॉक्टरच नसेल तर मोफत काय मिळणार?

आणखी एक गोष्ट, जी आपल्यात कोणी उघड बोलत नाही. बांधवांनो, शिष्यवृत्तीवर डी.फार्म. झालेली आपलीही पोरे आहेत. दुकान टाकायला भांडवल नाही, म्हणून त्यातली काही आपले प्रमाणपत्र दुसऱ्याच्या भिंतीवर भाड्याने टांगतात. हे बेकायदा आहे, आणि पुडीतल्या गोळीची जबाबदारी कागदावर त्यांचीच असते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने या पोरांना गावोगावी स्वतःचे मेडिकल टाकायला कर्ज द्यावे, आणि पोरांनी आधी ते भाड्याचे प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवून आणावे.