एकेरी रुळावरचे टोकन

मिरज-लोंढा लोहमार्ग एकेरी होता तेव्हा समोरची गाडी येईपर्यंत आपली गाडी स्टेशनात थांबून राहायची, हे घरातल्या थोरांना आठवत असेल. एकेरी मार्गावरचा जुना नियम सोपा: टोकन हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने पुढच्या टप्प्यात गाडी न्यायची नाही. टप्पा एक, टोकन एक.

संगणकातही हीच अडचण येते. निपाणीहून पुण्याला जाणाऱ्या बसची शेवटची सीट दोघांनी एकाच क्षणी मोबाईलवर निवडली तर? दोघांनाही ती रिकामीच दिसते आणि तिकिटे दोन निघतात! यावर डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकात उपाय काढला आणि त्याला नाव रेल्वेच्या सिग्नलचेच दिले: सेमाफोर.

पण उपाय चोख आहे, हे कशावरून? प्रत्येकी दहा पायऱ्यांचे दोन प्रोग्रॅम १,८४,७५६ प्रकारे एकमेकांत मिसळू शकतात. चाचणीत त्यातले थोडेच समोर येतात. म्हणून आधी नियम गणिताच्या भाषेत लिहायचे: एक सीट दोघांना कधीच मिळू नये, आणि कोणी कायमचे ताटकळू नये. मग सगळे क्रम संगणकच तपासतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस ही अशीच भाषा. तिच्या मदतीने ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीमध्ये तब्बल ३५ पायऱ्यांनंतर उघडी पडणारी चूक सापडली.

आयटीसाठी पुण्या-बंगळूरला निघालेल्या मुलामुलींनो, कोड लिहिण्याआधी एकदा विचारा: इथले टोकन कोणाच्या हातात आहे?