जुन्या आज्ञावल्यांना वाली कोण?

एखाद्या अडत दुकानात जाऊन “तुमचा हिशेब कोण सांभाळतो?” असे विचारले, तर चटकन दिवाणजींकडे बोट दाखवले जाते. पण हिशेब ज्या आज्ञावलीवर चालतो, ती आज्ञावली कोण सांभाळतो, असे विचारून पाहा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात.

गेली दोन वर्षे कॉलेज सुटल्यावर मी आपल्या बाजारपेठेतील एका अडत दुकानात कीर्द-खतावणीचे काम करतो. तेथील आज्ञावली १९९६ साली एका तरुणाने फॉक्सप्रोमध्ये खास त्या दुकानासाठी लिहून दिली. पुढे ते गृहस्थ बेंगळूरला गेले. २०१७ साली जी.एस.टी. आला तेव्हा त्यांनी फोनवरून शेवटची दुरुस्ती सांगितली. त्यानंतर त्यांचा पत्ता नाही. फॉक्सप्रोचे तरी काय झाले? मायक्रोसॉफ्टने ती १९९२ साली विकत घेतली, २००४ साली शेवटची मोठी आवृत्ती काढली, २००७ साली पुढची निघणार नाही असे जाहीर केले आणि २०१५ साली उरलासुरला आधारही काढून घेतला. दुकान मात्र चालूच आहे.

“फॉक्सप्रो येणारा माणूस मिळत नाही,” अशी शेठजींची तक्रार असते. मला ती अर्धीच खरी वाटते. फॉक्सप्रो ही काही वेदविद्या नव्हे, आपल्या बी.सी.ए.चा हुशार विद्यार्थी ती महिन्याभरात वाचण्यापुरती शिकेल. खरी अडचण मोडीसारखी आहे. मोडीची अक्षरे पंधरवड्यात ओळखू येतात, पण म्हणून पेशवे दफ्तरातला कागद लागतो असे नाही. त्यातली संक्षिप्त रूपे, वजने-मापे, शुहूर सन माहीत असावे लागतात. फॉक्सप्रोच्या तक्त्यात रकान्याचे नाव दहा अक्षरांहून मोठे ठेवता येत नसे. त्यामुळे आमच्याकडे ‘एच.एम.२’ नावाचा एक रकाना आहे. ती दुसऱ्या गोदामाची हमाली, हे दिवाणजींखेरीज कोणालाही सांगता येत नाही.

आकडे बाहेर काढणे त्यामानाने सोपे आहे. हे तक्ते आजही लिब्रे-ऑफिससारख्या फुकट साधनात उघडतात. फक्त एक खोच आहे: फॉक्सप्रोमध्ये खोडलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही, तिच्यावर नुसती खूण पडते. ती खूण न पाहता तक्ते उचलले, तर रद्द केलेली बिले जिवंत होऊन बसतात! पण आकड्यांहून मौल्यवान असतात ते नियम, आणि ते तक्त्यांत नसतात.

आमच्या दुकानाचा एक नियम सांगतो. शेतकऱ्याच्या मालाच्या पट्टीतून अडत, हमाली, तोलाई, भाडे वजा होते आणि मग त्याने आधी घेतलेली उचल. उचल मोठी असली तर पट्टी शून्याची व्हायची. थोरल्या शेठजींनी ठरवून दिले होते की, उचल कितीही असो, पट्टीची निम्मी रक्कम शेतकऱ्याच्या हातात पडलीच पाहिजे. बाकीची उचल पुढच्या मालातून. हा नियम कोठेही कागदावर नाही. तो आज्ञावलीच्या एका ओळीत आहे आणि दिवाणजींच्या डोक्यात आहे. गेल्या वर्षी एका नव्या माणसाकडून नवी आज्ञावली करून घेतली, तेव्हा त्याला ती ओळ निरर्थक वाटली. पहिल्याच बाजाराच्या दिवशी चार पट्ट्या शून्याच्या निघाल्या. दिवाणजींनी त्या हातात धरून ठेवल्या म्हणून बरे. नाहीतर चार माणसे गाडीभाड्यालाही महाग होऊन गावी परतली असती. दिवाणजी आज सदुसष्ट वर्षांचे आहेत.

हे आपल्याच गावचे दैन्य आहे असे समजू नका. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत असे जाहीरपणे सांगावे लागले होते, कारण बेकारभत्त्याची त्यांची यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी होती.

“टॅली घ्या आणि मोकळे व्हा,” असे पुष्कळ जण सांगतात. टॅली चांगली आहे, बेंगळूरचीच आहे आणि कित्येक दुकानांना ती पुरते. खाजगी मर्यादित कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारीच आज्ञावली वापरणे बंधनकारक आहे. त्यांनी जुन्याचा मोह सोडावा हेच बरे. पण निम्म्या पट्टीचा नियम टॅलीत घालायचा तर तिच्याही स्वतंत्र भाषेत जोडकाम करावे लागते. ते करणारा उद्या पुण्याला गेला, की आपण पुन्हा तेथेच.

म्हणून माझे म्हणणे आपल्या संगणक विभागाला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची यादी मी पाहिली. ग्रंथालय व्यवस्थापन, वसतिगृह व्यवस्थापन, पुन्हा ग्रंथालय व्यवस्थापन! आपल्या ग्रंथपालांनी यातला एकही वापरल्याचे ऐकिवात नाही. नवे लिहिण्याला गुण मिळतात. दुसऱ्याचे लिहिलेले वाचण्याला एकही गुण नाही. त्याऐवजी दोन विद्यार्थी संगणकाचे आणि एक वाणिज्य शाखेचा अशा तिघांना बाजारातली एक जुनी आज्ञावली द्यावी. त्यांनी दिवाणजींशेजारी बसून प्रत्येक रकाना, प्रत्येक नियम आणि त्यामागचे कारण लिहून काढावे, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण पट्टी घेणारे निम्मे शेतकरी कन्नड बोलतात. आज्ञावलीची एक ओळही बदलू नये. पुढे तिची डागडुजी करायची की तिला रजा द्यायची, ते ही वही हाती असलेला कोणीही ठरवू शकेल.

आपले हिशेब परक्या पोरांपुढे कोण उघडणार, अशी शंका प्राध्यापक घेतीलच. मी शेठजींना विचारले. ते म्हणाले, पाच वर्षांपूर्वीचे बंद झालेले वर्ष देतो, खातेदारांची नावे बदलून देतो. पण मुले सकाळी अकराच्या आत यायला हवीत, सौदे सुरू झाले की दिवाणजींना मान वर करायला सवड नसते.