चिकित्सापत्रात व्यायामाची मात्रा लिहावी

स्थौल्याचा रुग्ण आला की आपल्या चिकित्सापत्रावर मेदोहर गुग्गुळ, त्रिफळा, आरोग्यवर्धिनी ही नावे मात्रा, काल व अनुपानासह काटेकोरपणे उतरतात. मग रुग्ण उठता उठता आपण तोंडी एक वाक्य जोडतो, ‘थोडा व्यायामही करीत जा.’ थोडा म्हणजे किती, कोणता आणि कोणत्या वेळी, याचा उलगडा होत नाही. मात्रा न सांगितलेले औषध रुग्णाने मनापासून घ्यावे, अशी अपेक्षा आपण अन्यत्र कधी करतो काय?

परिणाम ठरलेला असतो. ऐपत असलेला रुग्ण व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी एकरकमी भरतो आणि दुसऱ्या महिन्यात जाणे सोडतो. ऐपत नसलेला रुग्ण व्यायाम हे श्रीमंतांचे प्रकरण आहे असे समजून गुग्गुळावरच भिस्त ठेवतो. वस्तुतः वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान असा जो क्रम लावून दिला आहे, त्यातील एकाही गोष्टीला घराबाहेर पाऊल टाकावे लागत नाही.

मात्रेचे मापही शास्त्राने बिनखर्चाचे दिले आहे. बलवान व स्निग्धभोजी मनुष्याने शीतकाळात व वसंतात अर्धशक्तीने व्यायाम करावा, इतर वेळी त्याहून कमी. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, तोंडाला कोरड पडणे, तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही अर्धशक्तीची खूण होय, तेथे थांबावे. ही खूण रुग्णाला एकदा समोर बसवून समजावली, तर नाडीचे ठोके मोजणारे मनगटी यंत्र घ्यावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायुबलाचा व्यायाम सुचविला. दिवसाला २५ मिनिटे धरली तर सहा दिवसांत १५० होतात. दहा बाय दहाच्या खोलीत हे सहज बसते.

साधने घरातच असतात. सतरंजी अंथरून सूर्यनमस्कार घालता येतात. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा हिरिरीने प्रसार केला, तो कोणत्याही उपकरणावाचून. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली सुमारे एक किलो वजनाची असते. अशा दोन बाटल्या हातांच्या व्यायामाला आरंभी पुरेत. मात्र स्थूल व गुडघे दुखणाऱ्या रुग्णाला पहिल्याच दिवशी बारा नमस्कार सांगणे म्हणजे त्याला पळवून लावणे होय. त्याने भक्कम खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे, भिंतीला तळहात लावून दंड काढावेत आणि सपाट जागी चालावे. वाढ आठवड्याने करावी, उत्साहाने नव्हे.

‘दिवसभर घरकाम करते, तोच व्यायाम’ असे स्त्री-रुग्ण पुष्कळदा सांगतात, आणि आपणही मान डोलावतो. चरकाचार्यांच्या मते स्थैर्य व बल वाढविण्याच्या हेतूने, मात्रेने केलेली इष्ट शरीरचेष्टा म्हणजे व्यायाम. धुणीभांडी हे श्रम आहेत. त्यांची मात्रा घरातील माणसे ठरवितात, ती बाई नव्हे. अशा रुग्णेला व्यायाम सांगताना तिची पंचवीस मिनिटे कोण मोकळी करून देणार, हे तिच्या सोबत आलेल्या नातेवाइकाला तिच्यासमोरच विचारावे.

निषेधही लिहावेत. अजीर्ण, वातपित्ताचे विकार, बाल्य आणि वार्धक्य यांविषयीचे संकेत ग्रंथांत आहेतच. त्यात आजच्या गोष्टींची भर घालावी: आरंभापूर्वी रक्तदाब मोजावा, चालताना छातीत दुखते का ते विचारावे, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी.

आता अडचणीचा मुद्दा. व्यायाम लिहून दिल्यास औषधाची विक्री घटेल, ही धास्ती चिकित्सालय व औषधालय यांत कोणी उघड बोलत नाही, पण ती आहे. माझे स्पष्ट मत असे, की समजावण्यात गेलेल्या पंधरा मिनिटांचे मानधन वैद्याने निःसंकोच घ्यावे, ते चूर्णाच्या किमतीत लपवू नये. औषधालयांनीही कुळथाचे पीठ व त्रिफळेची भरड यांचे साधे उद्वर्तन किलोच्या पुड्यांत ठेवावे. आकर्षक डबीपेक्षा नफा कमी, पण गिऱ्हाईक दर महिन्याला परत येते. ‘व्यायामाविना वजन घटवा’ अशी भित्तिपत्रके मात्र दुकानात लावू नयेत. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. कंपनीच्या प्रतिनिधीने फुकट दिलेला तो कागद आपल्या भिंतीवर चिकटविण्याआधी परवानाधारकाने एवढे तरी वाचलेले असावे.