बिलाविना स्वस्ताई

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला लोक आजही लॅमिंग्टन रोडच म्हणतात. संगणकाचे सुटे भाग, तारा, चार्जर, कॅमेरे यांच्या दुकानांनी गजबजलेल्या या पेठेत कोणता भाग कोणत्या यंत्राला बसेल, हे अचूक सांगणारे जाणकार विक्रेते भेटतात. तेथे घासाघीस करून चार पैसे वाचविणे हा तर गृहस्थाचा धर्मच. त्याला कोणाची हरकत असणार?

हरकत आहे ती भाव ठरताना येणाऱ्या प्रश्नाला: ‘बिल हवे की बिलाविना?’ संगणकाच्या बहुतेक सुट्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो बुडविला की वस्तू स्वस्त भासते. एरवी भ्रष्टाचारावर पोटतिडकीने बोलणारा सुशिक्षित मध्यमवर्गीयही अशा वेळी ‘बिल नको’ म्हणून मोकळा होतो.

या व्यवहारात गमावतो कोण? पावती नसेल तर हमीचा दावा बहुधा फोल ठरतो आणि ग्राहक आयोगापुढे खरेदी सिद्ध करणे अवघड होते. घेतलेला फोन चोरीचा निघाला, तर तो कोठून घेतला हे दाखवायला कागद नसतो. शेजारचा, नियमाने कर भरणारा दुकानदार महाग ठरून गिऱ्हाईक गमावतो. प्रामाणिकपणाबद्दल त्याला दंड करणारे आपणच असतो.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदाच नव्हता. तो १९८६ मध्ये आला. २०१९च्या नव्या कायद्याने तर पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. हा हक्क चळवळीने मिळविला. तो आपण काउंटरवर सोडून द्यावा काय?

चार्जर घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. जुन्या फोनचा आयएमईआय क्रमांक ‘संचार साथी’वर तपासावा. फसवणूक झाल्यास १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आणि भाव विचारतानाच ‘बिलासह किती?’ असे विचारावे. घासाघीस त्यानंतर खुशाल करावी. सोबत आलेली मुलेही तेच शिकतील.